डोझर तासाला किती माती लोटतो? कामाचा अंदाज बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लॉटचं सपाटीकरण, रस्त्याचा भराव, एमआयडीसीतल्या शेडखालची जमीन, उसाच्या रानाचं लेव्हल. कोल्हापूर परिसरातली ही कामं बघताना कंत्राटदार, नवे साईट इंजिनिअर आणि शेतकरी मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवतो. आकडे स्वतः करून बघता येतील असेच दिलेत. टेप, मोबाइलमधलं घड्याळ आणि एक वही एवढं पुरे.

थोडक्यात सांगा, डोझर तासाला किती ब्रास माती हलवतो?

पल्ला, म्हणजे माती किती लांब लोटायची ते, सांगितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. मध्यम आकाराचा एकच डोझर, एकच मुरूम, एकच ऑपरेटर धरा. माती वीस मीटरवर लोटायची असेल तर तासाला साधारण ५७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई होते, मूळ जमिनीतल्या मापानं. चाळीस मीटरवर तोच आकडा २९ वर येतो, आणि ऐंशी मीटरवर जेमतेम १५ वर. मशीन तेच, डिझेलही जवळपास तेवढंच. हे आकडे कसे आले ते खाली मांडलंय. कुणी पल्ला न विचारता तासाचा आकडा सांगत असेल, तर त्या आकड्यावर कामाची तारीख देऊ नका.

हिशेबाचं सूत्र काय?

एका फेरीत ब्लेडपुढं, म्हणजे डोझरच्या पुढच्या लोखंडी पात्यापुढं, किती माती जाते, तासाला किती फेऱ्या होतात आणि तासातली किती मिनिटं मशीन खरंच काम करतं, या तिघांचा गुणाकार.

तासाचं काम = एका फेरीची माती × (६० ÷ एका फेरीची मिनिटं) × कार्यक्षमता

फेरीच्या वेळेत तीन भाग येतात: माती लोटत पुढं जाणं, रिकामं मागं येणं आणि गिअर बदलण्याचा ठरावीक वेळ. पॉवरशिफ्ट गिअरच्या मशीनला हा ठरावीक वेळ ०.०५ मिनिट धरतात, जुन्या साध्या गिअरच्या मशीनला ०.१० मिनिट. यात उच्च गणित काही नाही. लोक चुकतात ते सूत्रात घातलेल्या आकड्यांत.

ब्लेडमध्ये किती माती बसते?

सरळ ब्लेडसाठी रुळलेलं सूत्र आहे: ०.८ × ब्लेडची रुंदी × उंचीचा वर्ग. रुंदी ३.४ मीटर आणि उंची १.२ मीटर असेल तर ०.८ × ३.४ × १.४४ म्हणजे ३.९ घनमीटर. ही झाली ब्लेडची कागदावरची क्षमता. प्रत्यक्षात किती भरतं ते मातीवर ठरतं. सैल, ओलसर, लोटायला सोपी माती असेल तर क्षमतेच्या ०.९ ते १.१ पट भरते. साधारण मातीला ०.७ ते ०.९ धरतात, चिकट किंवा खड्यांची असेल तर ०.६ ते ०.७, आणि फोडलेल्या दगडाला ०.४ ते ०.६. मोठे दगड ब्लेडपुढं नीट रचले जात नाहीत, मधे पोकळ्या राहतात, म्हणून हा आकडा इतका खाली येतो.

आपल्याकडच्या मध्यम मुरमाला मी ०.८ धरतो. म्हणजे ३.९ चे ३.१ घनमीटर. ही सैल, म्हणजे खणून फुगलेली माती, हे ध्यानात ठेवा. पुढं याच ठिकाणी पैसे जातात.

कागदावरच्या आकड्यावर विश्वास नाही. साईटवर मोजता येईल का?

येतं, आणि मोजावंच. ऑपरेटरला नेहमीसारखं ब्लेड भरायला सांगा आणि सपाट जागेवर ढीग ठेवून मागं यायला सांगा. आता टेप घ्या. ढिगाच्या मागच्या बाजूला चेनचे दोन ठसे दिसतात. प्रत्येक ठशाच्या आतल्या कडेच्या रेषेत ढिगाची उंची घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा. त्याच दोन रेषांवर ढीग पुढून मागं किती पसरलाय ते मोजा, त्याचीही सरासरी काढा. मग ब्लेडच्या दिशेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ढिगाची जास्तीत जास्त लांबी घ्या. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ०.३७५ नं गुणा.

उदाहरण: उंची १.१ मीटर, पसारा २.०५ मीटर, लांबी ३.७ मीटर. ०.३७५ × १.१ × २.०५ × ३.७ = ३.१ घनमीटर सैल माती.

एका ढिगावर थांबू नका. सकाळी दोन, जेवणानंतर दोन असे ढीग मोजा. दुपारी माती वाळलेली असते आणि माणूसही थकलेला असतो, त्यामुळं सकाळचा आणि दुपारचा ढीग सारखा निघत नाही.

फेरीची वेळ कशी धरायची?

मोजता येत असेल तर मोजाच. पल्ल्याच्या दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारा, सावलीत बसा आणि ओळीनं दहा-बारा फेऱ्यांची वेळ लिहा. सगळ्यात चांगली फेरी धरू नका, सरासरी घ्या. पहिल्या दोन फेऱ्या सोडून द्या. कुणीतरी घड्याळ घेऊन बसलंय हे दिसलं की ऑपरेटर नेहमीपेक्षा जोरात चालवतो. ते साहजिक आहे.

काम सुरू व्हायच्या आधी अंदाज द्यायचा असेल तर मशीनच्या माहितीपत्रकातला वेग घ्या, पण जसाच्या तसा नको. पुढं जाताना त्या गिअरच्या कमाल वेगाचा पाऊण भाग आणि मागं येताना ८५ टक्के धरायची पद्धत आहे. पहिल्या गिअरचा कमाल वेग ताशी ३.६ किलोमीटर असेल तर धरायचा २.७, म्हणजे मिनिटाला ४५ मीटर. मागं येताना दुसऱ्या गिअरला ताशी ७ असेल तर धरायचा साधारण ६, म्हणजे मिनिटाला १०० मीटर.

एक पूर्ण उदाहरण सोडवून दाखवा.

कागलकडं एका शेडची जागा आहे असं समजू. मध्यम मुरूम, जमीन जवळपास सपाट, पल्ला ४० मीटर.

लोटायला ४० ÷ ४५ = ०.८९ मिनिट. मागं यायला ४० ÷ १०० = ०.४० मिनिट. गिअर ०.०५. एकूण १.३४ मिनिट, म्हणजे ८० सेकंद. तासाला जवळपास ४५ फेऱ्या. ४५ × ३.१ म्हणजे साधारण १३९ घनमीटर.

आता कार्यक्षमता. तासात साठच्या साठ मिनिटं कुठलंच मशीन लोटत नाही. कुणीतरी लेव्हल बघायला थांबवतं, मुरूम भरायला आलेला टिपर आडवा येतो, ऑपरेटर उतरून चेन बघतो, पाणी पितो. तासाला ४५ मिनिटं काम झालं तरी साईट नीट चाललीय म्हणायची, म्हणजे ०.७५. १३९ × ०.७५ = १०४ घनमीटर सैल माती. मुरूम खणला की साधारण चौथा हिस्सा फुगतो, म्हणून १.२५ नं भागायचं. राहिले ८३ घनमीटर खोदाई, म्हणजे २९ ब्रास.

वीस मीटरसाठी हाच हिशेब केला तर फेरी ०.६९ मिनिटाची येते आणि खोदाई १६१ घनमीटर. ऐंशी मीटरला फेरी २.६३ मिनिटांची आणि खोदाई साडेबेचाळीस घनमीटर. पहिल्या उत्तरातले ब्रास इथूनच आलेत.

फेरीत दहा सेकंद वाढले तर काय होतं तेही बघा. ८० च्या जागी ९० सेकंद झाले की ४५ च्या ४० फेऱ्या होतात. वळताना घातलेले दहा सेकंद तासाला नववा हिस्सा खातात.

माहितीपत्रकात आकडा मोठा असतो, साईटवर निम्मा का निघतो?

कारण तो वेगळ्या परिस्थितीतला आकडा असतो. उत्पादनाचे जे छापील आलेख मिळतात ते पूर्ण साठ मिनिटांच्या तासावर, कसलेल्या ऑपरेटरवर आणि सैल घनमीटरमध्ये काढलेले असतात. मशीन पहिले १५ मीटर माती कापतं, मग नुसतं लोटत नेतं आणि उंच कड्यावरून खाली टाकतं, असं त्यात गृहीत असतं. माती पसरून थर करायचा वेळ त्यात नसतोच. आलेख खोटा नाही. तळटीप वाचून गुणक लावणं हे आपलं काम आहे.

हे मी पैसे आणि झोप घालवून शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्लॉटवर १२,००० घनमीटर खोदाई होती. मी वर काढले तसले १३९ घनमीटर घेतले, आठ तासांनी गुणले आणि मालकाला ‘अकरा दिवसांत जागा मोकळी’ असं लिहून दिलं. ते घनमीटर सैल मातीचे आणि साठच्या साठ मिनिटं काम धरून काढलेले होते, आणि मोजमाप मूळ जमिनीतल्या खोदाईचं. आठ तासांच्या पाळीत मशीन सात तासच चालत होतं. ८३ गुणिले ७ म्हणजे दिवसाला ५८० घनमीटर. एकवीस दिवस लागले. बाराव्या दिवशी पायाचं काम करणारी टोळी गाडी भरून हजर झाली, बायकापोरांसकट. त्यांना बसवून ठेवायला माझ्याकडं दुसरं काम नव्हतं. तेव्हापासून सैल माप आणि खोदाईचं माप एका रकान्यात कधीच लिहिलं नाही.

ब्रास म्हणजे नक्की कुठला ब्रास?

ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. पण जमिनीतला एक ब्रास मुरूम खणला की सव्वा ब्रास होतो, आणि तोच भरावात रोलरनं नीट दाबला की ०.९ च्या आसपास बसतो. एकाच मातीची ही तीन मापं.

टिपरवाला सैल ब्रास मोजतो. सरकारी मोजमाप पुस्तिकेत खोदाई मूळ जमिनीच्या पातळीवरून लिहितात आणि भराव दाबून झालेल्या थराच्या मापानं. तिन्ही माणसं ‘ब्रास’ हाच शब्द वापरतात, मग भांडण होणारच. करार करताना शब्दांतच लिहा: ‘खोदाईच्या मापानं’ किंवा ‘दाबलेल्या मापानं’. वर काढलेले तासाचे १०४ घनमीटर सैल माती म्हणजे ३७ ब्रास सैल, २९ ब्रास खोदाई आणि साधारण साडेसव्वीस ब्रास दाबलेला भराव. ३७ ब्रासवर दर ठरवून पैसे साडेसव्वीसचे मिळाले, तर कुणीही फसवलेलं नसताना कंत्राटदार बुडतो.

फुगवटा मातीप्रमाणं बदलतो. वाळू १० ते १५ टक्के, मुरूम २० ते २५, काळी चिकण माती ३० ते ४०, सुरुंगानं फोडलेला काळा दगड ५० च्या पुढं.

कोल्हापूर जिल्ह्यात माती गावोगाव बदलते. अंदाजात काय फरक करू?

खूप फरक पडतो. म्हणूनच दुसऱ्या जिल्ह्यातला आकडा इथं आणून चिकटवू नका.

शिरोळ, हातकणंगले, पंचगंगेच्या काठची सगळी खोल काळी माती. वाफसा असताना ही माती डोझरला सोन्यासारखी आहे, ब्लेडपुढं सुंदर गुंडाळी होते. ओली झाली की ब्लेडला चिकटते. रिकामं मागं येणारं मशीन निम्मी माती परत घेऊन येतं, आणि चेनच्या रोलरमध्ये गारा भरून मशीन जड चालतं. अशा वेळी मी काढलेल्या आकड्याला ०.८ नं गुणतो आणि दर तासाला चेन साफ करायला पाच मिनिटं वेगळी धरतो. पूर्ण वाळून भेगा पडल्या की ढेकळं निघतात. तीही ब्लेडमध्ये नीट बसत नाहीत.

राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडं तांबडी माती आणि जांभा. जांभ्याचं वरचं कवच कडक असतं, खाली बऱ्याच ठिकाणी मऊ लागतं. कवच ब्लेडनं फोडायला जाऊ नका, रिपर (डोझरच्या मागचा जमीन फाडणारा लोखंडी दात) लावा. रिपर चालवायचा वेळ वेगळा मोजा आणि लोटण्याच्या वेळेत मिळवा. हा वेळ अंदाजात धरलेलाच नसतो, असं मी फार ठिकाणी पाहिलंय.

मुरमाखाली कुठंही काळा दगड लागू शकतो. अखंड काळा दगड हे डोझरचं काम नव्हे. तिथं ब्रेकर किंवा सुरुंग लागतो, डोझर नंतरचा राडारोडा लोटतो. त्यामुळं अंदाज देण्याआधी दोन-तीन ठिकाणी जेसीबीनं चर मारून खाली काय आहे ते बघा. अर्ध्या दिवसाचं भाडं जाईल, ते जाऊ द्या.

पावसाळ्याचं काय?

जून ते सप्टेंबर मातीकामाची तारीख देऊच नये असं माझं मत आहे. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या पाच-सहापट. जिल्हा एक असला तरी कामाचे दिवस एक नसतात. माळावरच्या मुरमात उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन चालतं. नदीकाठच्या काळ्या रानात चार-चार दिवस पाय ठेवता येत नाही.

मशीन उभं कुठं करायचं हेही ठरवून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी पूररेषेच्या आत उभा केलेला डोझर हलवायला ट्रेलर पोचत नाही.

उतारावर किती फरक पडतो?

शंभर मीटरला दहा मीटर उतार असेल आणि उताराकडं लोटत असाल तर काम सुमारे २० टक्क्यांनी वाढतं. तेवढ्याच चढावर लोटलं तर सुमारे २० टक्क्यांनी घटतं. लोटायची दिशा बदलता येत असेल तर आधी तीच बदलावी, कारण ती फुकट आहे.

एक गोष्ट नजरेतून सुटते. काम सुरू होताना उतार असतो. चार दिवसांनी भराव वर येतो आणि डोझर स्वतःच रचलेल्या भरावावर चढायला लागतो. पहिल्या दिवशीच्या फेऱ्या मोजून पूर्ण कामाची तारीख दिली तर शेवटचा आठवडा चुकतो.

ऑपरेटरचा गुणक खरंच लावायचा?

लावायचा. कसलेल्या माणसाला १.०, साधारण माणसाला ०.७५, नवख्याला ०.६ असे आकडे वापरतात. मशीन बदलून एवढा फरक क्वचित पडतो.

गोकुळ शिरगावच्या बाजूला एका कामावर एक म्हातारे ऑपरेटर होते. त्यांची फेरी मी तासभर बघत बसलो होतो. ब्लेड खाली घातलं की दहा-बारा मीटरमध्ये भरून घ्यायचे. मग ब्लेड किंचित वर, बोटभर, आणि माती नुसती वाहत न्यायचे. ब्लेडच्या कडेनं माती सांडायला लागली की तिथंच ढीग सोडून मागं यायचे आणि पुढच्या फेरीत दोन्ही ढीग एकदम न्यायचे. इंजिनाचा आवाज पूर्ण फेरीत एकदाही दबला नाही. शेजारच्या मशीनवरचा पोरगा चाळीस मीटरभर ब्लेड जमिनीत घालून ओढत होता, चेन घसरत होती, धूर निघत होता. दोघांच्या फेऱ्या जवळपास सारख्या, पण टोकाला पोचणारी माती पोराची निम्मी.

मात्र ऑपरेटरचा गुणक आणि वरची ०.७५ कार्यक्षमता आंधळेपणानं एकमेकांत गुणू नका. काही पद्धतींत कार्यक्षमतेच्या आकड्यातच माणसाचं कसब धरलेलं असतं. चांगल्या साईटला ०.८३, साधारण साईटला ०.७५, वाईटाला ०.५८ असे एकच गुणक देतात. कुठलीतरी एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच वापरा. फेऱ्या आणि ढीग त्याच ऑपरेटरच्या मोजल्या असतील तर त्याचं कसब आकड्यात आलेलंच असतं. तिथं वेगळा गुणक नको, फक्त रिकाम्या मिनिटांचा लावा.

नवीन मशीन न आणता काम वाढवता येईल का?

चर पद्धतीनं लोटा. एकाच पट्ट्यात परत परत गेलं की दोन्ही बाजूंना मातीचे बांध तयार होतात आणि ब्लेडच्या कडेनं माती सांडायची थांबते. काम साधारण २० टक्क्यांनी वाढतं. सुरुवात माती टाकायच्या जागेजवळून करा आणि चर मागं मागं वाढवत न्या. शेवटी मधले बांध काढून टाका. दोन सारखे डोझर असतील आणि दोन्ही माणसं जुळणारी असतील, तर ब्लेडला ब्लेड लावून बरोबर लोटता येतं. त्यात १५ ते २५ टक्के वाढ मिळते. जुळणारी नसतील तर त्या भानगडीत पडू नका.

डोझर कुठपर्यंत परवडतो? पोकलेन आणि टिपर कधी आणायचे?

पन्नास मीटरच्या आत डोझरला तोड नाही. ९०-१०० मीटरच्या पुढं डोझरनं माती नेणं म्हणजे महागडं मशीन फिरायला सोडणं. मधल्या पट्ट्यात दोन्हीचा प्रति ब्रास खर्च काढून ठरवा. टिपरचा हिशेब करताना रस्ता बघा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगेत टिपरची फेरी दीडपट लांबते, डोझर मात्र आपल्या प्लॉटातच असतो.

मोठा डोझर घेतला तर काम स्वस्त पडेल?

काम मोठं आणि जागा मोकळी असेल तर पडतं. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या जागेत नाही. तिथं मशीनचा वेळ वळण्यात जातो, आणि ट्रेलरनं आणण्या-नेण्याचा खर्च थोड्या ब्रासवर वाटला जातो.

डिझेलवरून काम बरोबर चाललंय का ते कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. २०० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं तर तासाला ३५ ते ४० लिटर पितं. साधारण ६० टक्के ओझ्यावर २२-२३ लिटर. पण लिटर एकटे बघू नका, ब्रासला किती लिटर पडले ते बघा. तासाला २३ लिटर आणि २९ ब्रास म्हणजे ब्रासला ०.८ लिटर. हा आकडा एकदम १.२ झाला तर पल्ला वाढलाय, माती बदललीय, चेन घसरतेय किंवा मशीन नुसतं धडधडत उभं आहे. कारण शोधायला त्याच दिवशी साईटवर जा.

अवर मीटरवर बिल द्यावं का?

मीटर इंजिन चालू असल्याचे तास दाखवतो, लोटल्याचे नाही. तासावर मशीन घेतलं असेल तर सकाळ-संध्याकाळचं रीडिंग लिहाच, शेजारी त्या दिवशीची खोदाईही लिहा. भाडं समजा तासाला ३,००० रुपये आहे. २९ ब्रास निघाले तर ब्रासला १०३ रुपये पडले, १५ निघाले तर २००. भाड्यात शंभर रुपये कमी करून घ्यायला जेवढी घासाघीस होते, तेवढा वेळ पल्ला कमी करण्यात घालवला तर जास्त वाचतात.

माझं एक एकर उसाचं रान लेव्हल करायचंय. किती तास धरू?

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. निम्म्या रानातून सरासरी एक फूट माती काढून उरलेल्या निम्म्यात टाकायची असेल तर साधारण ६०० घनमीटर खोदाई आली. पल्ला तीस मीटर धरला तर वर घेतलेल्या डोझरला तासाला ११० घनमीटर पडतात. साडेपाच तास, शिवाय शेवटचा हात फिरवायला तास-दीड तास.

पण थांबा. वरची वीतभर माती खाली गाडली गेली तर पुढची दोन-तीन वर्षं ऊस तिथं बोटाएवढा येतो. आधी वरची माती बाजूला काढा, लेव्हल करा आणि मग ती परत पसरा, असं सांगितलं की लोक तास विचारतात. वीस सेंटिमीटर थर म्हणजे ८०० घनमीटर. एकदा काढायची आणि एकदा परत आणायची, म्हणजे सोळाशे. मूळ लेव्हलच्या कामाच्या अडीचपट! म्हणून पट्टे पाडा. पहिल्या पट्ट्याची वरची माती बांधाला लावा आणि तो पट्टा लेव्हल करा. दुसऱ्या पट्ट्याची वरची माती थेट पहिल्यावर पसरा, तिसऱ्याची दुसऱ्यावर. शेवटच्या पट्ट्यावर बांधाची माती येईल. जवळजवळ सगळी माती एकदाच हलते आणि सोळाशेच्या जागी हजाराच्या आत काम उरकतं. पट्टा लहान, म्हणून पल्लाही लहान राहतो.

डोझरवाल्याशी हे मशीन रानात उतरायच्या आधी बोला. एकदा वरची माती मिसळली की ती वेगळी काढता येत नाही.

ऑपरेटरला फेऱ्या मोजलेल्या आवडत नाहीत. काय करू?

लपून मोजू नका. सरळ जाऊन सांगा, ‘मामा, फेऱ्या मोजतोय, तुमची चूक काढायला नव्हे, तारीख द्यायला.’ बहुतेक जण ‘मोजा की’ म्हणून मोकळे होतात. संध्याकाळी वही त्यांच्यापुढं धरा: इतक्या फेऱ्या, सरासरी इतके सेकंद, इतका वेळ मशीन उभं. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा त्या मामांनी उभ्या वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ह्यातला निम्मा वेळ तुमचा टिपर माझ्या वाटंत उभा हुता. त्याला पलीकडनं आत घ्या.’ दुसऱ्या दिवशी टिपरची वाट बदलली. तासाला चार फेऱ्या वाढल्या.